विषय कोणता घ्यावा? – सुरतेच्या कापडबाजारातील काही निरीक्षणे

बी. कॉम.चे दुसरे वर्ष संपत आले की कार्यालयातून एक साधा कागद आपल्या हाती पडतो. वर नाव व हजेरी क्रमांक, आणि खाली तिसऱ्या वर्षाच्या विशेष विषयांची यादी : लेखाशास्त्र व परिव्यय, वित्त व बँकव्यवहार, विपणन, मनुष्यबळ व्यवस्थापन. यांपैकी एकासमोर खूण करायची. कागद भरायला दोन मिनिटे पुरतात. मला दोन महिने लागले आणि त्यांतला सव्वा महिना मी सुरतेत होते. तेथे जे पाहिले आणि त्यावरून विषयनिवडीसंबंधी जे विचार सुचले, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. पुढे काय करायचे हे ज्यांचे ठरलेले आहे त्यांना या लेखाचा फारसा उपयोग नाही. पण तसे न ठरलेले विद्यार्थी आपल्या वर्गात निम्म्याहून अधिक असावेत, असा माझा अंदाज आहे. आपण ते एकमेकांना सांगत नाही, इतकेच.

प्रथम माझी स्थिती सांगते. माझे शिक्षण दहावीपर्यंत निपाणीत मराठी माध्यमातून झाले. कानडी शेजाऱ्यांकडून आणि बाजारातून आले. पी. यू. सी.ला वाणिज्य शाखा घेतली तेव्हा ‘नावे–जमा’चे ‘डेबिट–क्रेडिट’ झाले आणि पहिले सहा महिने मी नुसती पाठांतर करून काढली. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. निपाणीचा तंबाखू आणि विडी यांवर एके काळी केवढी घरे चालत, हे आपल्या भागातील वाचकांना सांगायला नको. १९८१ साली येथील तंबाखू उत्पादकांचे आंदोलन साऱ्या देशात गाजले होते. तो व्यापार ओसरत गेला, वखारी एकेक करून बंद पडल्या, आणि पन्नाशीत वडिलांना दुसरीकडे काम शोधावे लागले. त्यामुळे मुलीने ‘पक्क्या’ मार्गाला लागावे अशी त्यांची इच्छा. पक्का मार्ग म्हणजे सी. ए., आणि ते न जमल्यास बँक. त्यांनी दोन हप्त्यांत क्लासची फी भरली, मी सी. ए.च्या फाउंडेशन परीक्षेला बसले आणि नापास झाले. चारपैकी तीन विषयांत निभावले. गणित–सांख्यिकीच्या पेपरात आवश्यक चाळीस टक्के मिळाले नाहीत.

घरी कोणी रागावले नाही. पण “आता एवढे पैसे घातलेत, तर अकाउंट्सच घे,” हे वाक्य रोज जेवताना निघू लागले. बुडीत खर्चाविषयी आपण पाठ्यपुस्तकात शिकतो : जो खर्च कोणताही निर्णय घेतला तरी परत मिळणार नाही, तो पुढच्या निर्णयात धरू नये. परीक्षेत मी ही व्याख्या अचूक लिहिली होती. वडिलांसमोर ती म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते पैसे म्हणजे व्याख्या नव्हती. मग आईनेच मार्ग काढला. सुट्टीत मावशीकडे जाऊन ये, म्हणाली.

मावशी सुरतेला लिंबायत भागात राहते. काका मूळचे अमळनेरकडचे. निपाणीची मुलगी इतक्या दूर कशी दिली गेली ती कथा निराळी. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. भुसावळ–सुरत ही तापीकाठची रेल्वे त्यांना सोयीची पडली. महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवते. आपल्या मासिकात मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत याचा आपण अभिमान बाळगतो. लिंबायतच्या एका गल्लीत त्याहून जास्त भाषा कानी पडतात.

काका रिंग रोडवरील एका साड्यांच्या घाऊक दुकानात मेहताजी आहेत. आमच्याकडे दिवाणजी तो तिकडे मेहताजी. बारावी विज्ञान झालेला हा माणूस चोवीस वर्षे हिशेब लिहीत आहे. दुपारचा डबा घेऊन मी दुकानात जाऊ लागले आणि शेठनी हरकत न घेतल्यामुळे पुढे तेथेच बसू लागले. शेजारच्या दुकानांत, दलालांत, पार्सल बांधणाऱ्यांत मी एकच प्रश्न विचारीत असे : तुम्ही काय शिकलात आणि हे काम कसे मिळाले? माझ्या वहीत एकतीस जणांची उत्तरे आहेत. एकतीस माणसांवरून सिद्धान्त होत नाही, हे सांख्यिकीत नापास झालेल्या मलाही कळते. तरी नोंद करण्याजोगे हे की, आपण शिकलो त्याच कामात आहोत असे सांगणारे त्यांत फक्त चार निघाले.

हे ऐकून एखादा म्हणेल, मग विषय कोणताही घ्या, फरक काय पडतो? पहिल्या आठवड्यात मलाही तसेच वाटले. पण हा निष्कर्ष घाईचा आहे. त्याचे कारण पाहण्यापूर्वी आपल्याच अभ्यासातील एक गोष्ट आठवावी. नफ्याचे सिद्धान्त शिकताना फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचे नाव येते. १९२१ च्या आपल्या ग्रंथात त्याने जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. ज्या घटनेची शक्यता मोजता येते ती जोखीम. शंभर गोदामांत वर्षाला साधारण किती आगी लागतात हे ठाऊक असते, म्हणून विमा उतरवता येतो. जिची शक्यता मोजताच येत नाही ती अनिश्चितता, आणि तिचा विमा कोणी उतरवीत नाही. करिअरविषयी आपण बोलतो ते जणू ती जोखीम आहे अशा थाटात : अमक्या विषयाला इतका वाव, तमक्याला इतका. वस्तुतः दहा वर्षांनी कोणते काम शिल्लक असेल, ही नाइटच्या अर्थाने अनिश्चितता आहे. आपला अभ्यासक्रमच पाहा ना. कर्नाटकात २०२१–२२ पासून नव्या धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीची सोय झाली आणि २०२४–२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आली. पदवी किती वर्षांची हेच जेथे चार वर्षे टिकले नाही, तेथे पदवीनंतरच्या नोकरीचे भाकीत कोण करणार?

सुरत हे शहर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आपल्याला सुरत म्हटले की इतिहासाच्या पुस्तकातील १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. महाराज तेथे गेले ते मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर होते म्हणून. हजची जहाजे तेथून सुटत; वीरजी व्होरासारखा सावकार इंग्रज कंपनीलाही कर्ज देई. कंपनीने १६८७ साली आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले, नदीचे मुख गाळाने भरत गेले, आणि बंदराचे वैभव सरले. शहर मात्र उरले. जर, किनखाब, मग कृत्रिम रेशमाचे माग, मग हिरे, मग देशभर जाणाऱ्या स्वस्त साड्या. १९९४ ची प्लेगची साथ आणि २००६ चा तापीचा पूर यांतूनही ते उठले. धंदे बदलले तरी शहर टिकते, हे खरे. पण माणूस टिकतो का? शहराला दोनशे वर्षे असतात. माणसाला काम करायला चाळीस.

काकांच्या ओळखीने मी कतारगाममध्ये एका हिरे घासणाऱ्या कारागिराला भेटले. तेथे त्यांना रत्नकलाकार म्हणतात. जगातील दहांपैकी जवळजवळ नऊ हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात असे सांगितले जाते. गोल हिऱ्याला सत्तावन्न किंवा अठ्ठावन्न पैलू असतात आणि ते सारे एक माणूस पाडीत नाही. घाट करणारा वेगळा, तळिया म्हणजे खालचा भाग घासणारा वेगळा, मथाळा म्हणजे वरचा भाग घासणारा वेगळा. हे गृहस्थ चौदा वर्षे तळिया करीत होते. श्रमविभागणीने उत्पादन वाढते हे ॲडम स्मिथने टाचणीच्या उदाहरणाने १७७६ साली सांगितले, ते आपण पाठ करतो. त्याच ग्रंथात त्याने पुढे असेही लिहिले आहे की, जन्मभर दोनचार साध्या क्रिया करणाऱ्या माणसाची बुद्धी मंदावत जाते. तो भाग प्रश्नपत्रिकेत येत नाही. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदीत सुरतेचे कितीतरी कारखाने बंद पडले आणि कारागीर सौराष्ट्रातील आपल्या गावी परतले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या कारखान्याने मागणी नाही म्हणून दहा दिवसांची सुटी दिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लावले तेव्हा पुन्हा हाच धंदा सापडला. या गृहस्थांचे काम या साऱ्याच्या आधीच सुटले होते. आता ते रिक्षा चालवतात. हात पाहा म्हणाले, अजून स्थिर आहेत. हाताचे कौशल्य अव्वल होते. पण ते त्या एका घंटीपलीकडे, म्हणजे घासण्याच्या चक्रापलीकडे, कोठे चालत नव्हते.

याच्या उलट उदाहरण काकांच्याच दुकानातले आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. त्यापूर्वी कापडाच्या व्यापाऱ्याला विक्रीकराचे विवरणपत्र असे भरावेच लागत नसे. सुरतेच्या व्यापाऱ्यांनी त्या महिन्यात दुकाने बंद ठेवून मोठा संप केला. त्यानंतर १ एप्रिल २०२४ पासून दुसरा धक्का बसला. २०२३ च्या वित्त कायद्याने असे ठरले की, सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, करार नसल्यास पंधरा दिवसांत द्यावेत. ते मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळणार नाही. प्रत्यक्ष पैसे ज्या वर्षी दिले त्या वर्षी मिळेल. ज्या बाजारात तीन–चार महिन्यांची उधारी ही रीत, तेथे याने केवढी धावपळ उडाली असेल याची कल्पना करावी. काका म्हणाले, “बेटा, चोवीस वर्षं मी बरोबर लिहिलं. पण का लिहितो ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.” त्यांना खातेवही येत होती, कायदा वाचता येत नव्हता. शेवटी बाजारातलाच एक बी. कॉम. झालेला तरुण आला. त्याने साऱ्या देणेकऱ्यांच्या तीन याद्या केल्या : लघुउद्योग म्हणून नोंदलेले विणकर व प्रक्रिया करणारे, मोठे कारखाने, आणि नुसते खरेदी-विक्री करणारे व्यापारी. नियम पहिल्या यादीलाच लागू होता. अर्धी धास्ती तेथेच संपली. हा तरुण कॉलेजात हुशार नव्हता असे तो स्वतःच सांगतो. पण ‘देणे’ केव्हा उद्भवते आणि ‘खर्च’ केव्हा धरायचा, हे त्याच्या डोक्यात स्वच्छ होते. आणि हे ज्ञान २०१७ मध्येही चालले, २०२४ मध्येही चालले.

यावरून मला विषयनिवडीची एक कसोटी सुचली. प्रत्येक विषयाला विचारावे : धंद्याचे नियम उद्या बदलले तर तुझ्यातले काय उरेल? या कसोटीला जोडूनच दुसरी, आणि ती मला अधिक उपयोगी वाटते. हा विषय महाविद्यालयाबाहेर, पगार घेता घेता, शिकता येईल का? येत असेल तर त्यावर महाविद्यालयाचे वर्ष खर्चू नये. माझ्या वहीतील एकतीस जणांत विक्री करणारे नऊ होते. सारे दुकानात उभे राहून शिकले, आणि चांगले शिकले. गिऱ्हाईकाच्या गावचे नाव ऐकून कोणता रंग पुढे करावा हे त्यांना कळते. विपणनाच्या आमच्या पुस्तकात असे काही नाही. मी विपणनाला कमी लेखत नाही. मोठ्या कंपनीत बाजार-संशोधन करायचे तर त्याचे रीतसर शास्त्र लागते. माझा मुद्दा इतकाच की विक्रीचे पहिले धडे बाजार फुकट देतो. हिशेबाची तत्त्वे, कायदा, परिव्यय हे बाजारात कोणी कोणाला शिकवीत नाही. ते ज्याला येते त्याला वेळ नसतो आणि ज्याला वेळ असतो त्याला ते येत नसते.

परिव्ययाचे, म्हणजे आपल्या कॉस्टिंगचे, एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. मावशी घरी साड्यांना टिक्की लावण्याचे काम करते. नगावर पैसे मिळतात. एक दिवस मी काकांना विचारले की ही साडी दुकानाला पडते केवढ्याला? त्यांनी कोऱ्या कापडाचा दर, छपाई, काठ, टिक्की, घडी, पेटी असे सगळे मिळवून आकडा सांगितला. त्यांचे आकडे येथे देणे योग्य नव्हे, म्हणून सोयीचे आकडे घेते. समजा साडी ३०० रुपयांना पडली आणि ३३० ला विकली. वरवर ३० रुपये सुटले. पण पैसे चार महिन्यांनी येणार. वर्षाला बारा टक्के व्याज धरले तर ३०० रुपयांवर १२ रुपये गेले. दलाली दोन टक्के म्हणजे ६ रुपये ६० पैसे गेले. शंभरातल्या पाच साड्या परत आल्या आणि त्या पुढे २५० लाच गेल्या असे धरले, तर प्रत्येकीमागे ८० असे ४०० रुपये, म्हणजे शंभर साड्यांत वाटून साडीमागे ४ रुपये गेले. उरले ७ रुपये ४० पैसे. यातून दुकानाचे भाडे, पगार आणि काकांचा चहा. व्याज आणि परत आलेला माल यांचा हिशेब तेथे साडीवर कोणी धरीतच नव्हते. वर्षअखेरीस ‘यंदा बरकत नाही’ एवढेच म्हणत. मी हे कागदावर मांडले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मावशीने दोनदा जेवायला बोलावले होते आणि मला ऐकू आले नव्हते.

ते ऐकू न येणे मी वहीत लिहून ठेवले आहे. फाउंडेशनच्या अभ्यासात असे एकदाही झाले नव्हते. आवड म्हणजे काय, यावर आपल्या वक्तृत्वस्पर्धांत पुष्कळ बोलले जाते. मला वाटते, कामात किती आनंद झाला यापेक्षा त्यातला कंटाळवाणा भाग आपण किती वेळ सोसू शकतो, यावरून तिची पारख करावी. साडीचे आकडे मी चार वेळा चुकले आणि चारही वेळा पहिल्यापासून मांडले.

केवळ आवडीवर सारे सोपवावे असे मात्र मी म्हणणार नाही. सुरतेतच त्याचे थोर उदाहरण आहे. गोपीपुऱ्यात कवी नर्मद यांचे घर आहे. दक्षिण गुजरातच्या विद्यापीठाला २००४ पासून त्यांचे नाव आहे. त्यांनी १८५८ साली शिक्षकाची नोकरी सोडून केवळ लेखणीवर जगण्याचा निश्चय केला. ‘दांडियो’ हे पत्र काढले, एकट्याने गुजराती शब्दकोश रचला. हाल सोसले. आणि चोवीस वर्षांनी, १८८२ मध्ये, त्यांना मुंबईत एका धर्मादाय संस्थेत नोकरी धरावी लागली. त्याचे दुःख त्यांना फार झाले, आणि १८८६ साली ते गेले. मावसभावाने ही गोष्ट ‘म्हणून नोकरी सोडू नये’ अशा अर्थाने सांगितली. मला ती तशी वाटली नाही. कोश तर झालाच ना? पण ज्याच्या पाठीशी घर चालवणारे दुसरे कोणी नाही, त्याने चोवीस वर्षांचा तो हिशेबही नजरेआड करू नये. तेथे संधी-व्ययाची व्याख्या पुरी पडत नाही.

आता माझ्या कागदाविषयी. मी लेखाशास्त्र व परिव्यय यासमोर खूण केली. म्हणजे वडील म्हणत होते तेच झाले, असे मैत्रिणी हसून म्हणतात. विषय तोच, पण कारण ते नव्हे, आणि सी. ए.ची परीक्षा पुन्हा इतक्यात देणार नाही हे मी घरी स्पष्ट सांगितले. त्या रात्री वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग यातनं नोकरी कुठली लागणार, ते तरी सांग.” मला सांगता येईना. मी साडीचा कागद काढला. तो पाहून त्यांनी विचारले, “घट कुठं धरलीस?” तंबाखू वखारीत पडून राहिला की वाळून वजन उतरते, ती घट, बारदान, हमाली आणि भाव येईपर्यंत थांबण्याचे व्याज त्यांना वीस वर्षांनंतरही तोंडपाठ होते. छपाईत कापड आटते, ती घट मी खरोखरच धरली नव्हती. ती धरली तर साडीमागचे ७ रुपये ४० पैसे आणखी उतरतात.

अर्जावर त्यांनी दुसऱ्या दिवशी सही केली. बँकेच्या परीक्षेचा अर्जही त्यांच्या सांगण्यावरून मी भरला आहे.